गिरणीचा फिटर आणि त्याची नोंद

नागपूरच्या उद्योगधंद्यांचा इतिहास सांगावयास उभा राहिलेला वक्ता जमशेटजी टाटांपासून आरंभ करतो आणि बहुधा त्यांच्यापाशीच थांबतो. आरंभ आम्हीही तेथूनच करणार, त्याला इलाज नाही. थांबणार मात्र दुसऱ्या माणसापाशी. इतवारीच्या लोहाओळीत कानस घेताना जो तिचे दात आधी अंगठ्याने चाचपतो आणि मग भावाची गोष्ट काढतो, तो हा माणूस. गिरणीचा फिटर. आमचे शाळेतले शिक्षण नववीपर्यंतचे. पुढे जे काही शिकलो ते वाचनालयात, युनियनच्या कचेरीत आणि या फिटरांच्या संगतीत.

1867 साली नागपूरला आगगाडी आली. भोवती कापूस पिकत होता, वरोऱ्याला कोळशाची खाण निघाली होती, आणि इतवारी-महालात पिढ्यान्‌पिढ्या माग चालविणारे कोष्टी होते. 1874 साली जमशेटजींनी कंपनी काढली. जुम्मा तलावाजवळची पाणथळ जागा भरून काढून तीवर गिरणी बांधली. 1 जानेवारी 1877 रोजी, म्हणजे राणी व्हिक्टोरियाला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केले त्याच दिवशी, ती सुरू झाली, म्हणून नाव एम्प्रेस मिल. आरंभी 15,552 थ्रॉसल चात्या, 14,400 म्यूल चात्या आणि 450 माग होते. व्यवस्थापक बेझनजी दादाभाई हे रेल्वेच्या मालखात्यातून आलेले, तर यंत्रांची बाजू जेम्स ब्रुक्सबी या इंग्रज इंजिनियराकडे.

हे आकडे पुस्तकात एका ओळीत मावतात. परंतु तीस हजार चात्या फिरावयाच्या म्हणजे काय, हे ध्यानात घेतले पाहिजे. वाफेच्या इंजिनाची शक्ती लांबलचक शाफ्टांवर येते, शाफ्टावरून पुलीवर, पुलीवरून पट्ट्याने प्रत्येक यंत्राकडे जाते. हा शाफ्ट केसभर वाकडा बसला तरी बेअरिंग तापते, पट्टा घसरतो आणि ओळीतली सगळी यंत्रे लंगडू लागतात. तो सरळ बसविण्याची जुन्या फिटरांची साधने म्हणजे सूत, ओळंबा आणि पाणसळ. बेअरिंग बसविताना शाफ्टाला शेंदराचा पातळ हात द्यावयाचा, शाफ्ट खोबणीत फिरवावयाचा, आणि जेथे जेथे शेंदूर लागेल तेवढाच उंचवटा खरवडून काढावयाचा. पुन्हा शेंदूर, पुन्हा खरवड. सगळीकडे सारखा रंग उतरेपर्यंत एकेका बेअरिंगवर दिवस जाई. (शेंदूर देवालाही लागतो आणि बेअरिंगलाही. आमच्या ओळखीचे एक वृद्ध मिस्त्री दोन्ही कामे एकाच पुडीत उरकीत.)

पहिली यंत्रे स्वस्तातली होती आणि ती निकृष्ट निघाली. जमशेटजींनी ती बदलली, आणि 1883 च्या सुमारास रिंग फ्रेमचा प्रयोग केला. रिंगची कल्पना अमेरिकेतल्या जॉन थॉर्पची, 1828 मधली. पण लँकेशायरला तिचे विशेष कौतुक नव्हते. म्यूलची गाडी पुढे येताना सूत कातते आणि परत जाताना ते गुंडाळते, म्हणजे काम थांबून थांबून. रिंगमध्ये एक इवलीशी तारेची कडी चातीभोवती धावत असते, कातणे व गुंडाळणे एकदमच होते. दोन फ्रेम मागवून पाहिल्या, ब्रुक्सबीने त्यांत सुधारणा केल्या, आणि पुढे इंग्लंडमधल्या नेहमीच्या कारखानदाराने नकार दिल्यावर दुसऱ्याकडून त्या घेतल्या. चरित्रांतून ब्रुक्सबीचे नाव येते आणि ते यावयासच हवे. पण चाती रिंगच्या बरोबर मध्यावर आहे की नाही, हे हजारो वेळा वाकून पाहणारे हात एकट्या ब्रुक्सबीचे नव्हते. चाती किंचित बाजूला असली की धागा तुटतो, आणि धागा तुटला की उत्पादन घटते. कामाच्या वजनावर ज्याची मजुरी ठरते त्याची कमाई अशी फिटरच्या नजरेवर अवलंबून असते.

1877 सालीच या गिरणीतल्या विणकरांनी मजुरीच्या दरावरून संप केला. हिंदुस्थानातल्या गिरण्यांच्या नोंदलेल्या पहिल्या संपांत त्याची गणना होते. संपाचा विषय निघाला म्हणून आमची एक चूक सांगून टाकतो. एका कारखान्याच्या संपात आम्ही फिटरांनाही फाटकाबाहेर उभे केले. ते म्हणत होते की, यंत्रांना तेल तरी घालू द्या. आम्हाला त्यात फितुरीचा वास आला. पावसाळ्याचे दिवस होते. तडजोड झाली तेव्हा बेअरिंगे गंजलेली होती, आणि पुढचे तीन आठवडे विणकर काम नसल्यामुळे बिनपगारी बसले. त्यांच्या बायकांनी आम्हाला जे सुनावले ते येथे सांगण्याजोगे नाही.

कायद्याने मात्र फिटरची दखल घेतली. 1881 च्या पहिल्या फॅक्टरी कायद्यात धोकादायक यंत्रांना कुंपण घालण्याची तरतूद आली. 1923 चा नुकसानभरपाईचा कायदा 1924 च्या जुलैपासून लागू झाला. 1948 च्या कायद्याचे बाविसावे कलम तर जणू फिटरसाठीच लिहिले होते : चालत्या यंत्राची तपासणी करावयाची झाल्यास ती खास शिकविलेल्या प्रौढ कामगारानेच करावी, त्याने अंगाला घट्ट बसणारे कपडे घालावेत, ते मालकाने पुरवावेत, आणि त्याचे नाव नोंदवहीत लिहिलेले असावे.

युनियनच्या कामात पडून आम्हाला वर्षही झाले नव्हते, तेव्हा एका कारखान्यात फिटरच्या हाताखालच्या मुलाची बाही पट्ट्यात गेली. तीन बोटे गेली. कचेरीतून उत्तर आले की, त्याचे नाव नोंदवहीत नाही, सबब तो आपल्या मर्जीने यंत्राजवळ गेला. आम्ही वही मागितली. ती कोरी होती. म्हणजे त्या कारखान्यात इतकी वर्षे कोणीही फिटर आपल्या मर्जीनेच यंत्राजवळ जात होता! नऊ महिने भांडून भरपाई मिळाली. वहीत पहिले नाव लिहिले गेले ते त्याच्या उस्तादाचे, आणि त्यातही बापाचे नाव चुकले. घट्ट कपडे कधीच आले नाहीत. उस्ताद बाह्या सुतळीने बांधीत.

एम्प्रेस मिल 1986 साली राज्याच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि 2002 साली बंद झाली. आज त्या जमिनीवर मॉल आहे. गिरण्यांतले फिटर पांगले; कोणी डाळमिलमध्ये गेले, कोणी तेलघाणीवर.

शेंदराची पुडी बाळगणारे ते मिस्त्री इतवारीतल्या एका लहानशा डाळमिलमध्ये आम्हाला भेटले. लोखंडी सळईचे एक टोक बेअरिंगवर आणि दुसरे कानाशी धरून उभे होते. मालक घाईत होता. पोती अडली होती. आम्ही काही बोलावयास गेलो तर हात वर करून म्हणाले, "थांबा ना भाऊ, काऊन घाई करता? ऐकू द्या." बराच वेळ ऐकून त्यांनी सळई खाली ठेवली, मालकाला पट्टा बंद करावयास सांगितले, आणि खिशातून सुतळी काढून बाही बांधू लागले.