भंगारात न गेलेले विंच

🧵 १/ अमेरिकेतील ब्रिस्टल येथे १९०३ साली ‘रिलायन्स’ ही शर्यतीची नौका बांधली गेली. शिडांचे क्षेत्रफळ १६,१६० चौरस फूट. ती हाताळण्यास साठाहून अधिक खलाशी. एकाच मोसमात तिने अमेरिका चषक राखला आणि १९१३ मध्ये ती मोडीत निघाली. तिचे काही विंच मात्र १९३७ पर्यंत नव्या नौकांवर राबत राहिले. हा धागा त्या यंत्राचा आणि ते जिवंत ठेवणाऱ्या हातांचा.

२/ विंच म्हणजे शिडाचा दोर ताणणारे चक्र. विहिरीवरचा रहाट आठवा. मात्र येथे दोर ड्रमवर साठत नाही. त्याचे तीन-चार वेढे घेतले जातात, एका टोकाला वाऱ्याने फुगलेले शीड असते आणि दुसरे टोक माणसाच्या हातात. या दोन टोकांमधील विषमता हेच विंचचे सारे रहस्य होय.

३/ त्याचा पूर्वज म्हणजे कॅप्स्टन. मोठ्या शिडाच्या जहाजांवर उभ्या खांबाला आडवे दांडे लावून डझनावारी खलाशी गोल फिरत आणि नांगर वर येई. खांबाच्या पायथ्याशी लोखंडी खिट्ट्या असत. त्या दात्यांत अडकल्या की चक्र उलटे फिरत नसे. खिट्टी मोडली, तर नांगराच्या वजनाने दांडे गरगरत आणि माणसे फेकली जात. हाडे मोडत, कधी प्राणही जात.

४/ वेढ्यांचे गणित अठराव्या शतकात लेओनार्ड ऑयलर याने मांडले. पुढे जर्मन अभियंता आयटेलवाइन याचेही नाव त्यास जोडले गेले. प्रत्येक वेढ्यागणिक पकड बेरजेने नव्हे, गुणाकाराने वाढते. घर्षणांक ०.२ धरला तर एका वेढ्याला सुमारे ३.५ पट, तीन वेढ्यांना सुमारे ४३ पट. म्हणजे ४०० किलोचा ताण अवघ्या ९ किलोच्या ओढीने रोखता येतो.

५/ ‘रिलायन्स’चा रचनाकार नॅथनियल हेरेशॉफ (१८४८–१९३८) याने हे चक्र दातेरी चाकांशी जोडले. त्याचे विंच दोन गतींचे होते: ताण कमी असताना दोर झपाट्याने ओढायचा, ताण वाढला की हळू पण जोरात. त्यातील बरेचसे विंच डेकखाली बसवलेले होते. त्यामुळे वजन खाली राहिले आणि डेक मोकळा झाला. थॉमस लिप्टन यांची ‘शॅमरॉक ३’ तिन्ही शर्यती हरली.

६/ नौका मोडली तेव्हा विंच काढून ठेवले गेले. पुढे १९३७ च्या ‘रेंजर’पर्यंत ते चषक राखणाऱ्या नौकांवर दिसतात. चौतीस वर्षे! ‘रेंजर’ने ‘एन्डेव्हर २’ला ४–० असे हरवले, तेव्हा तिच्या डेकवर तीन दशकांपूर्वीची कारागिरी राबत होती. उत्तम घडण हे त्याचे एक कारण. दुसरे कारण असे की, ही यंत्रे उघडता येत, धुता येत आणि पुन्हा जोडता येत.

७/ तरीही एक अडचण उरलीच. एकाने हँडल फिरवायचे, तर दुसऱ्याने दोराचे मोकळे टोक ओढत राहायचे. हा दुसरा माणूस वाचवणारा सेल्फ-टेलिंग विंच १९७० च्या दशकात सर्वसामान्य नौकांवर पसरला. ड्रमच्या माथ्यावर दोन खाचदार चकत्यांचा जबडा असतो. तो दोर पकडून ओढतो आणि एक धातूची पट्टी तो दोर अलगद बाहेर काढते. एकट्या दर्यावर्दीला जणू तिसरा हात मिळाला.

८/ त्या काळी या क्षेत्रात ‘बॅरिएंट’ हे नाव गाजले. ‘बरूना’ आणि ‘ओरिएंट’ या दोन नौकांच्या नावांची ती संधी होय. आज ती कंपनी नाही, तिचे विंच मात्र जुन्या नौकांवर अजून फिरतात. सुटे भाग दुर्मीळ झाल्यामुळे ते चालते ठेवणे हे आता इतिहासाचे जतनच म्हणावे लागेल.

९/ मग झीज कोठे होते? प्रथम ड्रमच्या अंगावर. त्याचा खरखरीतपणा गुळगुळीत झाला आणि घर्षणांक ०.२ वरून ०.१ वर आला, तर तीन वेढ्यांची पकड ४३ पटींवरून ६.६ पटींवर येते. तोच ४०० किलोचा ताण रोखायला ९ ऐवजी ६० किलो लागतात. चौथा वेढा घेतला तरी ३२ किलो. झीज निम्मी, फटका सहापटीहून अधिक!

१०/ दुसरी झीज जबड्याची. त्याच्या खाचा बोथट झाल्या किंवा दोर जबड्याच्या मापाहून बारीक घेतला, की दोर निसटतो. तिसरी आणि सर्वांत घातक झीज खिट्ट्यांची. खारे पाणी आणि जुने ग्रीस मिळून चिकट थर साचतो. स्प्रिंगमधला जोर त्यापुढे हरतो आणि खिट्टी दात्यात बसत नाही. मग भाराखालचा ड्रम उलटा फिरतो, हँडल मनगटावर आदळते. कॅप्स्टनचाच तो जुना अपघात, केवळ आकाराने लहान.

११/ उपाय साधा, पण नेमाने करण्याचा. ड्रम उचलावा, भाग काढलेल्या क्रमाने मांडावेत, रॉकेलने धुवावेत. दातेरी चाकांना आणि बेअरिंगना ग्रीसचा पातळ थर द्यावा. खिट्ट्यांना मात्र ग्रीस कदापि नको, हलक्या तेलाचा एखादा थेंब पुरे. कडा गोलावलेली खिट्टी व मरगळलेली स्प्रिंग बदलावी. जोडल्यावर ड्रम हाताने फिरवून कान द्यावा: प्रत्येक खिट्टीचा स्वच्छ ‘टक’ ऐकू आला पाहिजे.

१२/ याचे मोल आपल्याकडेही उमगले आहे. गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’तून दिलीप दोंदे यांनी २००९–१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, असे करणारे ते पहिले भारतीय. त्याच नौकेने अभिलाष टॉमी २०१२–१३ मध्ये कोठेही न थांबता जग फिरून आले. भर समुद्रात कारागीर बोलावता येत नाही. तेथे खलाशी हाच कारागीर असतो.

१३/ इतिहास आपण शोधांच्या सनावळीने शिकतो: अमुक साली अमुक यंत्र निघाले. पण यंत्र निघाल्यानंतर ते कोणी धुतले, कोणी त्याची स्प्रिंग बदलली, याची नोंद क्वचितच होते. ‘रिलायन्स’चे नाव विक्रमात आहे, तिचे विंच उघडून पुसणारे हात निनावी आहेत. १९०३ आणि १९३७ यांना जोडणारा दोर मात्र त्याच हातांनी धरून ठेवला होता.