घसारा आणि वंगण

बी.कॉम.च्या अभ्यासात आम्हाला 'घसारा' नावाचे एक प्रकरण होते. यंत्र विकत घेतले की ते दरवर्षी झिजते आणि त्या झिजेची रक्कम वहीत खर्ची टाकायची, एवढाच त्याचा मथितार्थ. स्थिर हप्त्याने घसारा कसा काढायचा आणि घटत्या शिलकीवर कसा काढायचा, हे मला आजही झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येईल. पण यंत्र मुळात झिजते कशाने आणि ती झीज थोडी थोपवता येते की काय, हा प्रश्न ना सरांनी काढला, ना आम्ही विचारला. झिजेचा हिशेब ठेवणारे वेगळे आणि झीज थांबवणारे वेगळे, अशी आपल्याकडे कामाची वाटणी आहे. पहिल्यांना पंखा मिळतो, दुसऱ्यांचे हात काळे होतात.

वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी मी ही सीमा ओलांडली, त्याची ही हकिगत.

निमित्त झाले सासऱ्यांच्या गाडीचे. आप्पा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले आणि २००४ साली त्यांनी मारुती ८०० घेतली. गेल्या वर्षी आप्पा गेले आणि गाडी आमच्याकडे आली. गाडीबरोबर डिकीतले जुन्या धोतराच्या फडक्यांचे गाठोडे आले, दोन-तीन पाने आले आणि पुढच्या कप्प्यात लाल कापडी बांधणीची एक वही आली. वहीत दर पाच हजार किलोमीटरला ऑइल बदलल्याची नोंद होती. तारीख, किलोमीटर, ऑइलचा नंबर, फिल्टर, खर्च. काम सगळे स्वतःच्या हाताने, कारण गॅरेजवर आप्पांचा विश्वास नव्हता. "तीस वर्षं कालव्यांवर काढली, गळती कुठं असते ते मला शिकवू नका," असे ते म्हणत. शेवटची नोंद दोन वर्षांपूर्वीची. तिच्याखाली एक रिकामी ओळ.

"टाकतो उद्या गॅरेजमध्ये," मी म्हणालो.

"टाका ना. बिल वहीला टाचणीनं लावता येईल," बायको म्हणाली. मग थोडे थांबून म्हणाली, "पण अहो, अक्षर कुणाचं येणार तिथं?"

प्रश्न साधा होता. आवाज साधा नव्हता. रविवारी सकाळी मी नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानात उभा होतो.

बँकेच्या काउंटरपलीकडे उभे राहणे म्हणजे काय, हे मला त्या दिवशी कळले. "कुठलं देऊ? ट्वेंटी फॉर्टी, टेन थर्टी, फाइव्ह थर्टी? मिनरल, सेमी, की फुल सिंथेटिक? फिल्टर ओरिजिनल का लोकल?" दुकानदाराने एका दमात विचारले. मी रोज लोकांना याच चालीवर सेव्हिंग, करंट, फिक्स, रिकरिंग असे विचारतो आणि ते गोंधळले की मनातल्या मनात हसतो. ते सगळे हसे त्या दिवशी व्याजासकट परत आले. "घरी विचारून येतो," असे सांगून मी सटकलो. घरी विचारायला आप्पा नव्हते. तेव्हा मी वाचायला बसलो. सही पडताळल्याशिवाय व्हाउचर पास करायचे नाही, ही आमची पंचवीस वर्षांची सवय.

वंगणाचा इतिहास इजिप्तपासून सुरू होतो. जवळजवळ चार हजार वर्षांपूर्वीच्या जेहुतिहोतेप नावाच्या एका अधिकाऱ्याच्या थडग्यात एक चित्र आहे. त्याचा प्रचंड पुतळा घसरगाडीवर चढवून दीडशेच्या वर माणसे ओढताहेत आणि गाडीच्या पुढे एक माणूस उभा राहून वाळूवर काहीतरी ओततो आहे. हा धार्मिक विधी असावा, अशी बरेच दिवस समजूत होती. २०१४ साली ॲमस्टरडॅम विद्यापीठातल्या भौतिकशास्त्रज्ञांनी वाळूत योग्य तेवढे पाणी मिसळून पाहिले, तेव्हा ओढायला लागणारा जोर निम्म्यावर आला. म्हणजे तो ओतणारा इसम पुजारी नव्हता, ऑइलवाला होता. बाकीचे दीडशे घाम गाळत असताना नुसते भांडे घेऊन पुढे उभा राहणारा कर्मचारी प्रत्येक खात्यात असतो. तो निरुपयोगी नसतो, हे सिद्ध व्हायला कधीकधी चार हजार वर्षे लागतात.

आपल्याकडे हे काम एरंडेलाने केले. बैलगाडीच्या आसाला घालायचे वंगण म्हणजे एरंडेल आणि काजळी. गाडीखाली लटकणारे ते काळे नळकांडे माझ्या पिढीतल्या काहींनी आजोळी पाहिले असेल. तेच एरंडेल शनिवारी सकाळी नाक दाबून आमच्या घशात ओतले जाई. तेव्हा मला वाटायचे, बैलगाडी आणि मूल यांत आईला काही फरक वाटतो की नाही? आता कळते की दोन्हीकडे हेतू एकच होता.

गंमत अशी की अमेरिकेत नेमके उलटे घडले. १८५९ साली पेनसिल्व्हानियातल्या टायटसव्हिल गावी एडविन ड्रेकने विहीर खणून खनिज तेल काढले. सगळ्यांचे लक्ष रॉकेलवर, कारण दिवे लावायचे होते. जॉन एलिस नावाचे एक डॉक्टर मात्र या काळ्या तेलात औषध शोधत होते. औषध काही सापडले नाही. पण वाफेच्या इंजिनांत तेव्हा प्राण्यांची चरबी वापरीत, ती उष्णतेने खराब होई. तिच्या जागी हे तेल उत्तम चालते, असे त्यांच्या ध्यानात आले. १८६६ साली त्यांनी कारखाना काढला आणि १८७३ साली तेलाला 'व्हॅल्व्होलिन' हे नाव दिले. आमचे औषध गाडीत गेले, त्यांचे गाडीतले तेल औषधाच्या शोधात निघाले. दोघांचीही गाठ इंजिनातच पडली.

आणि गाठ म्हणजे अगदी खरोखरची. लंडनच्या चार्ल्स वेकफिल्डने १८९९ साली तेलाची कंपनी काढली. मोटारी आणि विमाने आली तशी थंडीत वाहील आणि उष्णतेत टिकेल अशा तेलाची गरज पडली, म्हणून त्याने खनिज तेलात एरंडेल मिसळले आणि १९०९ साली त्या तेलाचे नाव ठेवले 'कॅस्ट्रॉल'. एरंडेलाला इंग्रजीत कॅस्टर म्हणतात, त्यावरून. म्हणजे ज्या डब्याकडे आपण परदेशी माल म्हणून आदराने पाहतो, त्याच्या नावात आपल्या आजीची बाटली बसलेली आहे.

पहिल्या महायुद्धात तर एरंडेलाने कमाल केली. त्या वेळच्या कित्येक विमानांचे रोटरी इंजिन स्वतःच पंख्याबरोबर गरगर फिरे. त्याला पेट्रोल आणि एरंडेल एकदमच पाजावे लागे. एरंडेल पेट्रोलमध्ये सहजी विरघळत नाही, हाच त्याचा गुण. वापरलेले तेल परत येण्याची सोयच नव्हती. ते धुराबरोबर मागे वैमानिकाच्या तोंडावर. तासभर आकाशात एरंडेलाची वाफ हुंगून खाली उतरलेल्या वीरांना शत्रूपेक्षा दुसऱ्याच गोष्टीची घाई असे, असे सांगतात. अमेरिका युद्धात उतरली तेव्हा तिने सुमारे १ लाख एकरांना पुरेल इतके एरंडीचे बी आशियातून आणवले. आजही जगात सर्वांत जास्त एरंडी पिकते ती भारतात, आणि त्यातली बहुतेक गुजरातेत.

तेल इंजिनात जाळून टाकायची ही पद्धत ऐकून ज्यांना हसू आले, त्यांनी स्वतःची स्कूटर आठवावी. आप्पांकडे मारुतीच्या आधी चेतक होती. पंपावर पेट्रोल भरताना "टू-टी टाका हो" म्हणून सांगायचे आणि मागे निळा धूर सोडीत जायचे. तत्त्व तेच. फक्त धूर आपल्या तोंडावर न येता मागच्याच्या तोंडावर जाई, एवढी प्रगती झाली होती.

आता त्या आकड्यांकडे वळू. हेन्री फोर्डची मॉडेल टी १९०८ साली आली तेव्हा तिला ऑइलचा पंप नव्हता, फिल्टर नव्हता, तेल मोजायची पट्टीही नव्हती. खाली दोन तोट्या होत्या. मालकाने सरपटत जाऊन त्या सोडून पाहायच्या. तेल कसले घालायचे, याला तर ताळतंत्रच नव्हते. विकणारा म्हणेल ते 'हलके' आणि तो म्हणेल ते 'जड'. शेवटी १९११ साली अमेरिकेतल्या मोटार इंजिनिअरांच्या संस्थेने, म्हणजे एसएईने, घट्टपणाप्रमाणे तेलांचे वर्ग पाडले. आकडा मोठा तितके तेल घट्ट. मग प्रश्न आला थंडीचा. म्हणून 'डब्ल्यू'. हा डब्ल्यू म्हणजे 'वेट' असे मी इतकी वर्षे समजत होतो, आणि चारचौघांत सांगतही होतो. तो 'विंटर'चा आहे. २०डब्ल्यू-४० म्हणजे थंडीत २०डब्ल्यूसारखे वाहणारे आणि शंभर अंशांना ४०सारखे टिकणारे तेल. पूर्वी उन्हाळ्याचे वेगळे आणि हिवाळ्याचे वेगळे तेल घालीत. एकच तेल बारमाही चालू लागले ते त्यात घातलेल्या लांबलचक रेणूंमुळे. हे रेणू थंडीत पाय पोटाशी घेऊन पडतात आणि ऊन लागले की हातपाय पसरतात. माझी स्वतःची प्रकृती बरीचशी अशीच आहे.

डब्यावर याशिवाय दोन अक्षरे असतात, ती अमेरिकेच्या पेट्रोलियम संस्थेची, एपीआयची. ही आमच्या बँकेतल्या स्केल वन, स्केल टूसारखी बढतीची शिडी. पेट्रोल गाड्यांसाठी पहिले अक्षर एस, आणि दुसरे एपासून पुढे चढत जाते. एसए तेलात कसलीही भर नसते. १९३०नंतरच्या बहुतेक इंजिनांना ते चालत नाही, असे संस्था स्वतःच सांगते. एसपी आले २०२० साली. मधली एसआय आणि एसके ही अक्षरे वगळलेली आहेत. शिडीच्या मधल्या पायऱ्या गायब कशा होतात, हे बँकेतल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही.

फिल्टरची कथा त्या मानाने छोटी. अर्न्स्ट स्वीटलंड आणि जॉर्ज ग्रीनहॉल्घ या दोघांनी १९२३ साली तो आणला आणि त्याचे नाव 'प्युअर ऑइल लेटर' या शब्दांवरून 'प्युरोलेटर' ठेवले. तोपर्यंत धूळ, काजळी, लोखंडाचा कीस हे सगळे तेलाबरोबर सुखाने फिरत होते. आजच्या फिरकीच्या फिल्टरात घड्यांचा कागद असतो, गाडी बंद झाल्यावर तेल खाली उतरू न देणारी रबरी झडप असते आणि एक बायपास असतो. कागद पार तुंबला की हा बायपास उघडतो आणि घाण तेल तसेच पुढे सोडतो, कारण इंजिनाला अजिबात तेल न मिळण्यापेक्षा घाण तेल बरे. मार्च अखेरीला आमच्याकडेही असाच एक बायपास उघडतो.

एवढी तयारी करून मी पुन्हा दुकानात गेलो आणि मोठ्या रुबाबात म्हणालो, "वीस डब्ल्यू चाळीस, मिनरल, ओरिजिनल फिल्टर." हेच आप्पांच्या वहीत पहिल्या पानापासून शेवटपर्यंत लिहिलेले होते, हा भाग वेगळा. "सिंथेटिक नको ना?" असे मी विचारून घेतले. दुकानदार म्हणाला, "साहेब, पुण्यात बर्फ पडत नाही, आणि गाडीचं वय बघा. म्हाताऱ्याला जीन्स कशाला?" स्वस्त फिल्टर मात्र त्यानेही दाखवला. हातात घेतला तर हलका लागला. नोटा हाताळणाऱ्याला कागद कमी असला की कळतो. डबा रिकामा झाल्यावर फोडूनच भंगारात दे, नाहीतर त्यात नकली ऑइल भरून परत बाजारात येते, असाही सल्ला त्याने फुकट दिला.

प्रत्यक्ष काम सोपे निघाले. इंजिन थोडे गरम केले, चाकांना दगड लावले, चेंबरचा नट सोडला. काळे ऑइल घमेल्यात पडले. सोसायटीतल्या एका काकांनी वाळवीसाठी ते मागितले; त्यांना कसेबसे परतवून मी ते कॅनमध्ये भरून ठेवले. जुना फिल्टर काढला, नव्याच्या रबराला तेलाचे बोट लावले, हाताने घट्ट केला. तीन लिटर ऑइल ओतले. सोनेरी, अगदी मधासारखे. बायको जिन्यात उभी होती. मी ऐटीत चावी फिरवली.

"अहो, बंद करा! बंद करा आधी!"

गाडीखालून मध वाहत होता. जुन्या फिल्टरची रबरी पॅकिंग इंजिनालाच चिकटून राहिली होती आणि मी तिच्यावर दुसरी चढवली होती. इंजिनाने जोर देताच दोन्ही बाजूला सरकल्या. लिटरभर ऑइल फरशीवर.

बायको काही बोलली नाही. डिकीतून धोतराची फडकी काढून ती फरशी पुसायला बसली. दोन फडकी वापरली आणि तिसरे घडी करून परत ठेवले. मी पॅकिंग खरवडून काढली, फिल्टर पुन्हा बसवला, आणखी ऑइल आणायला गेलो.

संध्याकाळी वही घेऊन बसलो. तारीख लिहिली, किलोमीटर लिहिले. अडलो खर्चाच्या रकान्यात. वाया गेलेले लिटर दाखवायचे की नाही, आणि दाखवायचे तर कोणत्या नावे? बँकेत अशा वेळी आम्ही जुनी नोंद शोधतो. म्हणून पाने मागे उलटीत गेलो. २००७च्या जूनमध्ये आप्पांच्या त्या रेखीव अक्षरात, नेहमीपेक्षा जरा बारीक, एक ओळ होती: 'जुनी पॅकिंग राहिली. पाऊण लि. वाया. घरी सांगितले नाही.'

मी वही बायकोपुढे धरली. तिने ती ओळ वाचली, चष्मा काढला, पदराने पुसला आणि पुन्हा वाचली.

"तरीच," ती म्हणाली, "त्या दिवशी बाबांनी सगळ्यांना आइस्क्रीम आणलं होतं."

मी खर्चाच्या रकान्यात 'एक लि. वाया' असे लिहिले आणि चपला घालून आइस्क्रीम आणायला निघालो.