आधी भांडं, मग भाजी

भाजी होण्याच्या कितीतरी आधी भोपळा भांडं होता. मडकं भाजायची विद्या ज्यांच्याकडे अजून आली नव्हती, त्यांनीही या वेलाचं वाळलेलं फळ कोरून त्यात पाणी भरून नेलं. आज मंडईत आपण ज्याला नख लावून कोवळेपणा तपासतो, त्या दुधीचं कूळ तिथपासून सुरू होतं.

मूळ घर आफ्रिका. पण खरा रानवेल शास्त्रज्ञांच्या हाती फार उशिरा लागला. झिंबाब्वेतल्या रानभोपळ्याची नोंद २००४ साली झाली. रानातल्या फळाची साल पातळ, गर कडू. लाकडासारखी टणक साल माणसाने पिढ्यान्‌पिढ्या बी निवडून आणली. म्हणजे पहिल्या शेतकऱ्यांचं लक्ष गरावर नव्हतंच, कवचावर होतं.

मग हे आफ्रिकेचं फळ अमेरिकेत सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी कसं पोचलं? १९५४ मध्ये व्हिटेकर आणि कार्टर या संशोधकांनी वाळके भोपळे समुद्राच्या पाण्यात तरंगत ठेवले. सात महिन्यांनंतरही आतलं बी रुजण्याजोगं होतं. २००५ सालच्या डीएनए अभ्यासाने बोट आशियाकडे दाखवलं, माणसांबरोबर ते तिकडून आलं असावं म्हणून. २०१४ च्या अधिक सखोल तपासणीने मात्र ते आफ्रिकेतून अटलांटिकवर वाहत गेल्याचा कौल दिला. मला यातलं सर्वांत सुंदर वाटतं ते पेरूच्या किनाऱ्यावरचं वाका प्रिएता हे प्राचीन वस्तीचं ठिकाण. तिथल्या कोळ्यांनी आपल्या सुती जाळ्यांना तरंग म्हणून हेच भोपळे बांधले होते. ज्या गुणाने फळ समुद्र ओलांडून आलं, तोच त्यांनी कामाला लावला.

आपल्याकडे अथर्ववेदात भोपळा ‘अलाबु’ या नावाने येतो तोही पात्र म्हणून. पुढे कमंडलू झाला, एकतारी झाली, पोहायला शिकणाऱ्याच्या कमरेला बांधायची सांगड झाली. आणि मिरजेत तंबोरा झाला. एकोणिसाव्या शतकात हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेबांनी तिथे तंतुवाद्यं घडवायला सुरुवात केली; २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. त्यासाठी लागणारे कडू भोपळे भीमाकाठी, पंढरपूर-मंगळवेढ्याच्या भागात पिकतात. पुरुषी तंबोऱ्याला चार फुटांहून मोठ्या घेराचा भोपळा लागतो. तो वेलावरच जून होऊ द्यायचा, सावकाश वाळवायचा. मग कारागीर तो पाण्यात भिजवतो, कापतो, आतला वाळका गर आणि बी खरवडून काढतो. भाजीवाला शेतकरी ज्या फळाला जून म्हणून टाकून देईल, त्याच्यासाठी इथे महिनोन्‌महिने थांबतात. या शेतीकडे मला फार आदराने बघावंसं वाटतं, कारण भोपळ्याचं सर्वांत जुनं पीक हेच, आणि ते अजून जितं आहे.

भाजीच्या दुधीची रीत अगदी उलटी. फळ कोवळं, लव असतानाच तोडायचं. उष्ण हवा मानवते, म्हणून उन्हाळी पीक जानेवारी-फेब्रुवारीत आणि खरिपाचं जून-जुलैत लावतात. मांडवावर चढवलं की फळ सरळ लोंबतं, जमिनीला टेकून सडत नाही. मुख्य वेलावर आधी नर फुलं येतात. मादी फुलं जास्त करून बगलफुटीवर. म्हणून वेळीच शेंडा खुडायचा. फुलं पांढरी, संध्याकाळी उमलतात आणि रात्रीच्या पतंगांची वाट बघतात. मादी फूल ओळखायला सोपं: पाकळ्यांखाली इवलासा भोपळा आधीच धरलेला असतो.

पण रानातला कडूपणा कुळातून गेलेला नाही. कडू दुधीच्या रसाने माणसं दगावल्यावर भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने तज्ज्ञांची समिती नेमली होती. तिचा सल्ला असा: चिरताना आधी एक बारीक तुकडा जिभेला लावावा आणि कडू लागला तर सगळाच दुधी फेकून द्यावा. शिजवूनही तो सुधारत नाही.

तंबोऱ्याचा कडू आणि भाजीचा गोड, दोन्ही एकाच जातीचे. शेजारी लावले तर परागकण मिसळतात आणि पुढच्या बियाण्यात कडूपणा उतरू शकतो. म्हणून घरचं बी धरणारा उमलायच्या बेतातली नर आणि मादी कळी दुपारीच दोऱ्याने बांधून ठेवतो. तिन्हीसांजेला सोडून नर फूल मादी फुलाच्या टोकावर हलकेच फिरवतो आणि मादी फूल पुन्हा बांधतो, खूण म्हणून देठाला रंगीत चिंधी लावून.