तुसाची राख आणि रोमन सिमेंट

एक टन भात भरडला की साधारण २०० किलो तूस निघतं. ते जाळलं की ४० किलोच्या आसपास राख. या राखेत ८५-९० टक्के सिलिका असते, आणि खरी गंमत इथून सुरू होते.

रोमन लोक पोत्झुओलीची ज्वालामुखीची राख चुन्यात कालवून बांधकाम करायचे. आपल्याकडे विटांची भुकटी, म्हणजे सुरखी, चुन्यात घालत. तत्त्व एकच: सिलिका ओल्या चुन्याशी संयोग पावते आणि दगडासारखी घट्ट होते.

१९७०च्या दशकात बर्कलीच्या प्रा. पी. कुमार मेहतांनी तुसाच्या राखेपासून सिमेंट करून दाखवलं. अट एवढीच की आच बेताची हवी. साधारण ७०० अंशांच्या आत सिलिका 'जिवंत' राहते. भट्टी फार तापली की तिचे स्फटिक होतात, मग ती चुन्याला दाद देत नाही. इनपुट तेच, एक पॅरामीटर चुकला की आउटपुट कचरा!

वीटभट्टी शेताची वरची माती आणि कोळसा खाते. राख-चुन्याची वीट भाजावी लागत नाही, पाणी मारून मुरवली की झालं. म्हणून मला हा प्रकार महत्त्वाचा वाटतो. पण कुणी 'इको' वीट दाखवली तर आधी विचारा, राख किती आचेवर झाली? उत्तर आलं नाही, तर ती नुसतीच राख समजा.