लेंटमधला जाडा तांदूळ

आमच्या पणजीने आयुष्यात एकही उपास धरला नाही. घरात हे अभिमानाने सांगतात; पाळक जेवायला आलेले असले तर मात्र आवाज जरा खाली येतो. कुणी खोदून विचारलेच तर ती म्हणे, "माझे लहानपणीच उरकलेत."

उरकले ते 1896-97च्या दुष्काळात. मध्य प्रांतात माणसे रस्त्याच्या कडेला मरत होती, तेव्हा पंडिता रमाबाई तिकडे गेल्या आणि सुमारे 300 मुली-बायकांना आपल्यासोबत घेऊन आल्या. पणजी त्यांतलीच एक, असे घरातले सगळेच सांगतात. तिचे गाव कोणते यावर मात्र आजही एकमत नाही. आजी नर्मदेकाठचे सांगे, मोठे काका छत्तीसगडातलेच म्हणून हटून बसत. पणजीला स्वतःला एवढेच आठवे की दारात मोहाचे झाड होते आणि शेवटी चुलीवर मोहाची फुलेच शिजत होती. रमाबाईंना भूक कुणी समजावून सांगायला नको होती. 1870च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे आईवडील आणि बहीण गेली होती. त्यांनी स्वतः रानातला पाला खाल्ला होता.

रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती सदनात पणजी मराठी बोलायला आणि छापखान्यात खिळे जुळवायला शिकली. पुढे तिचे लग्न बंगाल नागपूर रेल्वेतल्या एका नगरकराशी झाले आणि ती रायपूरला आली, म्हणजे ज्या प्रांतातून तिला उचलून नेले होते तिथेच परत. मार्चमध्ये बाजारात मोहाचा वास सुटला की ती पदर नाकाला लावी. लेंट, म्हणजे ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपासकाळ, नेमका त्याच दिवसांत येतो.

पणजोबांना लेंटचे सोयरसुतक नव्हते. ते अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळीत वाढलेले. त्या मिशनची मुळे न्यू इंग्लंडच्या प्युरिटन लोकांत, आणि त्यांनी तर 1659 साली मॅसॅच्युसेट्समध्ये नाताळ पाळणाऱ्याला दंड ठेवला होता. राख, चाळीस दिवस, हे सगळे पणजोबांच्या लेखी 'रोमी' प्रकरण. रायपूरची हवा वेगळी होती. इथे 1868 साली ऑस्कर लोर आले, अमेरिकेत जाऊन वसलेल्या जर्मन मंडळींच्या मिशनचे. त्यांनी बिश्रामपूर वसवले आणि सतनामी लोकांत काम सुरू केले. या जर्मन परंपरेत प्रभूच्या दुःखसहनाचे आठवडे गंभीरपणे पाळत. गंमत अशी, की गुरू घासीदासांनी सतनाम्यांना मांस आणि दारू कधीच सोडायला लावली होती. चाळीस दिवस मांस वर्ज्य, हे ज्यांचे वाडवडील जन्मभर वर्ज्य करत आले त्यांना नवे ते काय सांगणार?

पणजोबांची आवडती गोष्ट निराळीच होती. 1893 साली कवी नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. गाडीत अर्नेस्ट वॉर्ड नावाचा मिशनरी भेटला. त्याने त्यांच्या हाती बायबल ठेवले आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. राजनांदगाव रायपूरपासून सत्तर किलोमीटरवर आणि पणजोबा त्याच लोहमार्गावरचे नोकर, तेव्हा त्या गोष्टीवर ते आपला हक्कच सांगत. त्यांच्या तोंडून ऐकताना टिळकांची गाडी दर वेळी वेगळ्या स्टेशनात थांबलेली असे. टिळकांना त्या पुस्तकात धरून ठेवले ते डोंगरावरील प्रवचनाने. उपास करताना तोंड सुकवून हिंडू नका, डोक्याला तेल लावा, तोंड धुवा, ही येशूची शिकवण त्याच प्रवचनातली. राखेच्या बुधवारी चर्चमध्ये हाच भाग वाचतात, आणि वाचून झाला की कपाळाला राख लावतात. यातली विसंगती मला लहानपणापासून खटकते. आमच्या आजीने त्यावर आपल्यापुरता तोडगा काढला होता: चर्चच्या फाटकातच रुमालाने कपाळ पुसायचे आणि मग भाजी घ्यायला जायचे.

आजीकडे लेंट रीतसर आला तो 1970 नंतर. त्या वर्षी 29 नोव्हेंबरला नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली, निरनिराळ्या परंपरांच्या मंडळ्या एक झाल्या आणि प्युरिटनांच्या नातवंडांनाही चर्चचे पंचांग मिळाले. पण आमच्या घरात काहीतरी त्याआधीपासूनच चालू होते, आणि ते पणजीने लावलेले.

उपास न धरणारी पणजी लेंट लागला की तांदूळ बदलायची. एरवी घरात दुबराज शिजे; शिजताना वास शेजारच्या क्वार्टरपर्यंत जाई. त्या दिवसांत घरच्यांना जाडा तांदूळ, आणि दुबराज 'काठा' या मापाने मोजून मागच्या दारी. गावाकडून मजुरीला आलेल्या बायका तिथे येत. पौषी पुनवेला छेरछेरा मागत पोरे दारोदार फिरतात तेव्हा मूठमूठ धान सगळेच घालतात, पण त्यात चांगले धान कोण घालतो? आजी नवी सून असताना तिने एकदा हळूच सुचवले, "आत्याबाई, त्यांना जाडाच द्यावा, पोटाला जास्त वेळ टिकतो." पणजी म्हणाली, "टिकणारं मी खूप खाल्लंय. वास येणारं कुणी दिलं नव्हतं." त्यावर आजी पुढे काही बोलली नाही, पण जाड्या भाताविषयीची तिची तक्रार शेवटपर्यंत संपली नाही.

रमाबाई 5 एप्रिल 1922ला गेल्या. त्या वर्षी ईस्टर 16 एप्रिलला होता, म्हणजे लेंट चालू होता. तार येताच पणजीने त्या दिवशी धान्य मोजायचे कुणाच्या हाती दिले नाही, असे काका सांगत. काकांचा जन्म त्यानंतरचा, तेव्हा हे त्यांनीही ऐकलेलेच.

आता रेशनवर तांदूळ मिळतो; मागच्या दारी कुणी येत नाही. नगरी दुबराजला 2023 साली भौगोलिक मानांकन मिळाले आणि दुकानदार तो काचेच्या बरणीतून दाखवतात. मुलीने लेंटपुरते इन्स्टाग्राम सोडले आहे. मी गेल्या लेंटमध्ये आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताईंपुढे दुबराजची पिशवी ठेवली. त्यांनी ती उघडून वास घेतला, हसल्या आणि म्हणाल्या, "चाउर तो हे दीदी, सुक्कार के छुट्टी दे देव." शुक्रवारी त्यांना मुलीला घेऊन दवाखान्यात जायचे असते, हे मला तेव्हा कळले.

सुट्टी दिली. पिशवीही त्यांनी नेलीच. तेव्हापासून शुक्रवारची भांडी माझ्याकडे आहेत. सुट्टी लेंटपुरती की कायमची, हे आमच्यात ठरलेले नव्हते. ईस्टरनंतरच्या शुक्रवारीही ताई आल्या नाहीत, आणि मीही विचारले नाही.