पैसे भरले आणि ऑर्डरच रद्द झाली? रिफंड कसा मिळवायचा, भरपाई कुठे मागायची

फवारणीचे दिवस तोंडावर आले की ऑनलाइन बॅटरी पंप मागवणारे आपल्या तालुक्यात आता कमी नाहीत. पैसे यूपीआयने आधीच भरलेले असतात. चार दिवस ऑर्डर 'शिप्ड' दिसते आणि पाचव्या दिवशी मेसेज येतो, 'काही कारणामुळे आपली ऑर्डर रद्द करण्यात आली आहे.' कधी कारण दिलं जातं की या पिनकोडवर सेवा नाही, कधी माल संपला, कधी किंमत चुकून कमी लागली. काही वेळा तर कुरिअरवाला गावात न येताच 'ग्राहकाने माल नाकारला' अशी नोंद करून मोकळा होतो. पैसे मात्र अडकून पडतात. अशा वेळी नेमकं काय करायचं आणि कायदा आपल्या बाजूने किती आहे, ते पाहू.

सगळ्यात आधी एक गोष्ट तपासा, कारण इथेच बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. ऑर्डर रद्द होणं वेगळं आणि पेमेंट फसणं वेगळं. खात्यातून पैसे गेले, पण दुकानदार कंपनीकडे पेमेंटची नोंदच झाली नाही, तर तो फसलेला व्यवहार. त्यासाठी रिझर्व्ह बँकेचं २० सप्टेंबर २०१९ चं परिपत्रक आहे. ऑनलाइन खरेदीत यूपीआय किंवा कार्डाचा असा व्यवहार फसला, तर व्यवहाराच्या दिवसापासून पाच दिवसांत पैसे आपोआप परत आले पाहिजेत. त्यापुढे उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई, आणि तीही ग्राहकाने न मागता. पण कंपनीने पैसे घेतले, ऑर्डर पक्की केली आणि मग स्वतःहून रद्द केली, तर हा १०० रुपयांचा नियम लागू होत नाही. तिथे बँकेशी भांडून उपयोग नाही, कंपनीला धरावं लागतं.

कंपनीला धरायचं कशाच्या जोरावर? ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू झाला आणि त्याच महिन्यात ई-कॉमर्सचे वेगळे नियमही आले. त्या नियमांनुसार मान्य झालेला परतावा रिझर्व्ह बँकेने ठरवलेल्या किंवा वाजवी मुदतीत द्यावाच लागतो. प्रत्येक कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो आणि त्याचं नाव, हुद्दा, संपर्क ॲपवर किंवा वेबसाइटवर दाखवावा लागतो. तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत आणि तक्रारीचा निकाल एका महिन्यात, अशी मुदत आहे. ॲपमधल्या चॅटवर 'आम्ही दिलगीर आहोत' असं दहा वेळा वाचत बसण्यापेक्षा या अधिकाऱ्याला सरळ ई-मेल टाकलेला बरा. त्याचं नाव सहसा वेबसाइटच्या अगदी तळाशी, बारीक अक्षरात असतं. शोधावं लागतं, पण असतं.

याच नियमांत आणखी एक तरतूद आहे, जी फार कमी लोकांना माहीत आहे. ग्राहकाने ऑर्डर रद्द केली म्हणून कंपनीला दंड कापायचा असेल, तर कंपनीने स्वतःहून ऑर्डर रद्द केल्यावर तिनेही तसाच आकार सोसला पाहिजे. स्वतः काही सोसत नसेल, तर तुमच्याकडूनही कापता येत नाही.

'आम्ही फक्त मधले आहोत, विक्रेता वेगळा आहे' हे उत्तर मोठ्या ॲपवाल्यांकडून हमखास मिळतं. मिळू द्या. खरेदीनंतर तुम्ही लेखी मागणी केली की विक्रेत्याचा पत्ता, ई-मेल आणि तक्रारीसाठी लागणारी इतर माहिती देणं त्या ॲपवर बंधनकारक आहे. पुढे तक्रार करायची वेळ आली तर ॲप आणि विक्रेता दोघांनाही सामनेवाले करा.

रिफंड कुठे आला पाहिजे, हाही वादाचा विषय. पैसे बँकेतून गेले असतील तर कंपनीच्या वॉलेटमध्ये किंवा कूपन म्हणून घेण्याची सक्ती मान्य करू नका. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ओला या टॅक्सी कंपनीला असाच आदेश दिला होता. परतावा फक्त कूपनच्या रूपात मिळत होता. तो बँक खात्यात हवा की कूपनमध्ये, हे ग्राहकाला निवडू द्या, असं प्राधिकरणाने सांगितलं. तो आदेश टॅक्सीच्या भाड्याबाबत असला तरी तुमच्या ई-मेलमध्ये त्याचा उल्लेख जरूर करा.

'रिफंड केला आहे' असं कंपनी म्हणते आणि खात्यात तर काही दिसत नाही, असंही होतं. अशा वेळी कंपनीकडून रिफंडचा यूटीआर नंबर मागा, कार्डाने पैसे भरले असतील तर एआरएन नंबर. तो नंबर घेऊन बँकेच्या शाखेत गेलात की पैसे कुठे अडकलेत ते कळतं. नंबर द्यायला कंपनी टाळाटाळ करत असेल तर बहुधा रिफंड निघालेलाच नसतो. आणि बँकच ऐकत नसेल, तर तिच्याकडे लेखी तक्रार देऊन ३० दिवस झाल्यावर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. त्याची माहिती १४४४८ या नंबरवर मिळते.

पैसे परत मिळाले, पण नुकसानीचं काय?

खरी मेख इथे आहे. रिफंड हा तुमचाच पैसा, त्यात कंपनीचे उपकार नाहीत. पण आठवडा वाया गेला, तोच पंप बाजारात हजार रुपये जास्त देऊन घ्यावा लागला, त्याचं काय? कंपन्यांच्या अटींत बहुधा लिहिलेलं असतं की माल रवाना होईपर्यंत करार पक्का होत नाही. म्हणजे त्याआधी रद्द केलं तर जबाबदारी नाही, असा त्यांचा युक्तिवाद. तो नेहमीच टिकतो असं नाही.

ओडिशातलं एक प्रकरण यासाठी लक्षात ठेवण्यासारखं आहे. २०१४ मध्ये कायद्याच्या एका विद्यार्थ्याने ॲमेझॉनवर १९० रुपयांना दाखवलेला लॅपटॉप मागवला. ऑर्डर पक्की झाल्याचा निरोप आला आणि मग किमतीचं कारण सांगून ती रद्द झाली. तो ग्राहक मंचात गेला. २०२१ मध्ये ओडिशा राज्य आयोगाने भरपाई, दंडात्मक रक्कम आणि खर्च मिळून ४५ हजार रुपये द्यायला सांगितले. जाहिरात केली, ग्राहकाने त्यानुसार ऑर्डर दिली, ती पक्की झाली, म्हणजे करार झाला, असं आयोगाचं म्हणणं होतं. प्रत्येक चुकीच्या किमतीवर असाच निकाल लागेल, या भरवशावर मात्र राहू नका. किंमत उघड उघड चुकलेली असेल आणि कंपनीने तासाभरात पैसे परत केले असतील, तर आमच्या मते भांडण्यात फार अर्थ नाही. याउलट सेलची जाहिरात जोरात केली, लोकांचे पैसे आठवडाभर वापरले आणि मग ऑर्डर रद्द केल्या, तर प्रकरण वजनदार होतं. देण्याचा इरादा नसताना स्वस्त किमतीची जाहिरात करणं ही कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा आहे.

पुरावा मात्र पहिल्याच दिवशी गोळा करा. ऑर्डर पक्की झाल्याचा मेसेज, पैसे भरल्याची नोंद, रद्द झाल्याचा मेसेज आणि त्यातलं कारण, या सगळ्याचे स्क्रीनशॉट काढा. 'ग्राहकाच्या विनंतीवरून रद्द' असं खोटं कारण दिसत असेल तर त्याच दिवशी ई-मेलने हरकत घ्या. तीच वस्तू नंतर जास्त दराने घेतली तर तिचं पक्कं बिल ठेवा. दराचा फरक मागायला तेच कामी येतं.

जिल्ह्याच्या गावीच तक्रार चालते

आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, नंबर १९१५. मराठीत बोलता येतं. तिथून कंपनीकडे तक्रार जाते आणि बरीच प्रकरणं तिथेच मिटतात. पण हेल्पलाइन म्हणजे कोर्ट नव्हे, कंपनीला हुकूम द्यायचा अधिकार तिला नाही.

तिथे नाही जमलं तर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग, ज्याला आपण अजून ग्राहक मंचच म्हणतो. कंपनीचं ऑफिस बेंगळुरूला असो की गुरुग्रामला, २०१९ च्या कायद्याने तुम्ही जिथे राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. वस्तूसाठी दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. वकील लावलाच पाहिजे असं नाही. तक्रार ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइन भरता येते, आणि सुनावणी व्हिडिओ कॉन्फरन्सने घ्यावी असा अर्ज करता येतो, म्हणजे दर तारखेला एसटीचा खर्च नको. कायद्यात तीन महिन्यांत निकाल लावण्याचा प्रयत्न करावा असं आहे. प्रत्यक्षात जास्त वेळ धरून चला. घटना घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल झाली पाहिजे. आणि आयोगाचा आदेश कंपनीने पाळला नाही तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

शेतकऱ्यांना एक शंका असते, पंप शेतीधंद्यासाठी घेतला तर आपण ग्राहक ठरतो का? स्वतःच्या मेहनतीवर पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू असेल तर ठरता. नफ्यावर पुन्हा विकायला माल मागवला असेल, तर नाही.

या सगळ्या धावपळीत एक धोका सांभाळा. रिफंड अडकला की लोक गुगलवर कस्टमर केअरचा नंबर शोधतात आणि नेमके भामट्यांच्या हाती सापडतात. नंबर फक्त कंपनीच्या ॲपमधूनच घ्या. पैसे यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही, क्यूआर कोडही स्कॅन करावा लागत नाही. 'रिफंडसाठी हे ॲप डाउनलोड करा' असं कुणी म्हणालं की फोन ठेवून द्या. पैसे गेलेच, तर वेळ न घालवता १९३० वर फोन करा; जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त.