मोहाच्या फुलाला परवाना

मराठीत दारूसाठी शब्द पुष्कळ आहेत, आणि त्यातले निम्मे शब्द पिण्याचे नसून वसुलीचे आहेत. आपण ज्याला 'गुत्ता' म्हणतो त्याचा जुना अर्थ मक्ता, ठेका. सरकारकडून लिलावात विक्रीचा हक्क घेतला तो गुत्ता. पुढे तो जिथे चाले त्या जागेलाच ते नाव चिकटले. 'अबकारी' हा फारसी शब्द पाण्याच्या कामाचा. आपल्याकडे त्याचा अर्थ सरकारी खाते असाच उरला. उलट 'पहिल्या धारेची' हा शब्दप्रयोग थेट भट्टीवरून आलेला. नळीतून प्रथम उतरते ती सर्वांत कडक. आज हा शब्दप्रयोग ज्यांनी भट्टी कधी पाहिलेली नाही असे लोकही बिनदिक्कत वापरतात.

मी राहतो ते पालेगाव आता अंबरनाथ तालुक्यात मोडते. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी हा मुलूख ठाणे जिल्ह्याच्या कल्याण तालुक्यात होता. आज इथे इमारती आणि औद्योगिक वसाहत आहे. मलंगगडाच्या बाजूला नजर टाकली तर अजून थोडे डोंगर उघडे दिसतात. या टापूतल्या आगरी, ठाकूर, कातकरी वस्त्यांत काय प्यायले जाई, आणि ते पिणे गुन्हा कधी झाले, हा या लेखाचा विषय आहे. एरवी 'दारूचा इतिहास' म्हटले की आपण सोमरसापासून सुरुवात करतो आणि नाशिकच्या द्राक्षांवर येऊन थांबतो. मधला मोह आणि ताड राहून जातो.

किनाऱ्याच्या बाजूला पेय होते माडाचे आणि ताडाचे. माडाची माडी, ताडाची ताडी, शिंदीची शिंदी. न उमललेली पोय बांधून तिचे टोक रोज थोडे थोडे छाटायचे, खाली मडके लावायचे, सकाळ-संध्याकाळ झाडावर चढून रस उतरवायचा. उन्हे वर यायच्या आत प्यायली तर ती गोड नीरा, दुपारपर्यंत आंबली की ताडी. हे काम प्रामुख्याने भंडारी समाजाचे. पेशवाईत दारूबंदीची धोरणे कडक असली तरी किनाऱ्यावरच्या कोळी-भंडाऱ्यांच्या या वापराकडे काणाडोळा होई.

डोंगराच्या बाजूला होता मोह. मार्च-एप्रिलमध्ये, पाने गळून झाड उघडे पडले की मोह फुलतो. मांसल, फिकट पिवळसर फुले पहाटे आपोआप खाली पडतात, आणि उजाडण्यापूर्वी बायका-मुले टोपल्या घेऊन झाडाखाली हजर असतात. फुले वाळवून ठेवायची. त्यांत साखर एवढी असते की टंचाईच्या महिन्यांत ती शिजवून, भाजून, पिठात मिसळून खाल्ली जात. बियांचे तेल निघे. आणि उरलेली फुले पाण्यात भिजत घालून, आंबवून, मातीच्या मडक्यावर मडके चढवून दारू गाळली जाई. लग्नाला, देवाला, मयताला ती लागे. म्हणजे एकाच झाडाखालची टोपली धान्यकोठी होती, तेलघाणा होती आणि भट्टीही होती. पुढचा सगळा झगडा याच गोष्टीवरून झाला, कारण कायद्याला एका फुलाचा एकच उपयोग कळत होता.

1878 चा मुंबई अबकारी कायदा हा या कथेचा सांधा. अबकारी खात्याचे आयुक्त चार्ल्स प्रिचर्ड यांनी या व्यवस्थेला आकार दिला. घरगुती आणि गावोगावच्या भट्ट्या बंद. दारू गाळायची ती सरकारी देखरेखीखालच्या मोठ्या भट्ट्यांत. विक्रीचा मक्ता मोठ्या ठेकेदारांना. आणि रस काढायच्या प्रत्येक झाडावर कर. झाडावर आकडा कोरून त्याची नोंद होऊ लागली. परवान्याशिवाय आपल्याच अंगणातल्या माडाला मडके लावणे गुन्हा झाला. ताडीवरचा बोजा वाढवला की लोक आपोआप भट्टीच्या दारूकडे वळतील, आणि तिथे जकात पक्की, हा हिशेब त्यात होता. ठाणे-कुलाब्याच्या भंडाऱ्यांनी अर्ज केले, तक्रारी केल्या. पुण्याच्या सार्वजनिक सभेनेही अबकारी धोरणावर टीका केली.

मोठ्या भट्ट्यांचे ठिकाण होते उरण, तेव्हा ठाणे जिल्ह्यातच. पारशी मालकांच्या या भट्ट्यांतून मुंबईला दारू जाई, आणि तिच्यासाठी लागणारा मोह येई गुजरातेतल्या पंचमहालांतून. आता पुढची गंमत पाहा. 1892 मध्ये मुंबई सरकारने खास 'म्हवरा कायदा' केला. तो लागू झाला ठाणे आणि कुलाबा या जिल्ह्यांना. मोहाची फुले गोळा करणे, बाळगणे, नेणे-आणणे यांवर निर्बंध आले. सरकारचे म्हणणे असे की या दोन जिल्ह्यांत फुलांचा उपयोग चोरटी दारू गाळण्यापलीकडे होतच नाही. विरोधकांचे म्हणणे, गरीब माणूस ती खातो आणि गुरांनाही घालतो. कायदा झाला. पंचमहालाचा मोह उरणच्या भट्टीत गेला तर महसूल, आणि कल्याण तालुक्यातल्या ठाकरीणीने आपल्या झाडाखालचा मोह टोपलीत भरला तर गुन्हा. फूल तेच. साम्राज्याने दारूला कधी विरोध केला नाही, फुकट मिळणाऱ्या दारूला केला, एवढे तरी या कायद्यावरून स्पष्ट होते असे मला वाटते.

म्हणून मोहाच्या भट्टीचे गोडवे गाण्याचा मोहही टाळायला हवा. याच काळात, 1880 साली, महात्मा फुल्यांनी पुणे नगरपालिकेला पत्र लिहून शहरात वाढत्या दारूदुकानांविरुद्ध आवाज उठवला होता. गुत्त्यावर पगार उधळला गेला की घरी चूल पेटत नाही, हे त्यांना कोणाच्या अहवालातून कळण्याची गरज नव्हती. 1908 मध्ये पुण्यात दारूच्या दुकानांपुढे निरोधन झाले, टिळक त्यामागे होते. या मंडळींचा रोख गुत्त्यावर होता. पण गुत्ता आणि सणाला गाळलेली मोहाची दारू यांत फरक करायला पुढच्या राजकारणाला सवड मिळाली नाही.

हाच काळ जगात इतरत्र कसा गेला हे पाहिले की आपले प्रकरण जास्त उजळते. पोर्तुगीज गोव्यावर 1878 च्या इंग्रज-पोर्तुगीज कराराने मुंबई इलाख्यासारखी अबकारी आणि मिठाची मक्तेदारी लादली गेली. बारा वर्षे चालून 1892 मध्ये करार संपुष्टात आला. ज्या वर्षी ठाण्यात मोह बांधला गेला, त्याच वर्षी गोव्यातला रेंदेर त्या जाचातून सुटला. पलीकडे एड्रियाटिक किनाऱ्यावर, आजच्या क्रोएशियातल्या दाल्मेशियात, 1891 च्या व्यापारी करारातल्या एका कलमाने ऑस्ट्रिया-हंगेरीने इटलीची स्वस्त वाइन आत येऊ दिली. पाठोपाठ द्राक्षवेलींच्या मुळांवरची फिलोक्सेरा कीड आली आणि हजारो कुटुंबे बोटींत बसून अमेरिकेला, न्यूझीलंडला गेली. पण तिथला शेतकरी घरच्या फळांची राकिया गाळत राहिला, आणि वेलही पुरती मेली नाही. 1961 मध्ये 'डिंगाच' ही तिथली पहिली संरक्षित वाइन ठरली. 2001 मध्ये कॅलिफोर्नियातल्या प्रसिद्ध झिनफांडेल द्राक्षाचे मूळ स्प्लिटजवळच्या एका जुन्या मळ्यातल्या मोजक्या वेलींत सापडले. तिथे फेरफार झाले ते बाजारात. आपल्याकडे उत्पादकच गुन्हेगार ठरला, त्यामुळे सापडायला मळा उरला नाही.

स्वातंत्र्यानंतर हा गुन्हा पुसला जाईल असे वाटणे स्वाभाविक होते. झाले उलटे. 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा आला, 1950 मध्ये मुंबई राज्यात संपूर्ण दारूबंदी झाली, आणि मोहाच्या फुलांवरचे निर्बंध त्याच कायद्यात जाऊन बसले. बंदीने दारू थांबली नाही, तिचा कच्चा माल बदलला. मोहाला हंगाम असतो, वाळवायला जागा लागते, वास लांबवर जातो. काळा गूळ आणि नवसागर केव्हाही मिळतो. खाडीकाठच्या झुडपांत हातभट्ट्या उभ्या राहिल्या. तिचा शेवट कुठे होऊ शकतो ते 2015 मध्ये मालवणीत दिसले. विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे गेली. बंदी पुढे सैल झाली तेव्हा दुकानात आली ती 'देशी', म्हणजे साखर कारखान्याच्या मळीपासून काढलेल्या मद्यार्कात संत्र्याचा वास घालून बाटलीत भरलेली. या देशीत देशातले फूल नाही, फळ नाही. साखरेच्या राजकारणाचे मात्र त्यात बरेच काही आहे.

गोव्याने काजू फेणीसाठी 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळवले आणि 2016 मध्ये तिला वारशाचा दर्जा दिला. काजू हे मूळ ब्राझीलचे झाड. मोह इथलाच, आणि त्याच्या वाट्याला दीर्घकाळ पंचनामाच आला. 2021 मध्ये महाराष्ट्र सरकारने मोहफुले गोळा करण्यावरचे आणि वाहतुकीचे बरेचसे निर्बंध उठवले. विदर्भात आता फुलांचे लाडू, मनुका, सरबत करून विकण्याचे प्रयत्न चालू आहेत.

मुरबाड-कर्जतच्या बाजूच्या पाड्यांत मात्र मार्चअखेरीला अंगणात फुले वाळत घातलेली अजून दिसतात. काळपट मनुकांसारखी ती दिसतात, आणि वास येतो गुळाचा. पालेगावच्या रस्त्यावर तसले झाड माझ्या पाहण्यात नाही.